पर्यटन उद्योगात माहिती तंत्रज्ञानाचा धोरणात्मक वापर म्हणजे काय? सेबरपासून कोकणातल्या होमस्टेपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जायचं ठरतं. घरातलं कुणीतरी मोबाईल हातात घेतं. आधी रेल्वेचं तिकीट, मग राहायची सोय, मग स्कूबा डायव्हिंगच्या रील्स, मग चांगलं मासळीचं जेवण कुठे मिळतं याचा शोध. तासाभरात सहल ठरते. पण या तासाभरात आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत, त्या मालवणातल्या एकाही माणसाशी आपलं बोलणं झालेलं नसतं.

खोली त्यांची, समुद्र त्यांच्या दारातला, जेवण त्यांच्या घरचं. पैसे मात्र आपण गुरुग्राम किंवा ॲमस्टरडॅममधल्या कंपनीच्या ॲपवर भरलेले असतात. खोलीमालकाला आपलं नाव कळतं ते त्या कंपनीकडून, आणि कमिशन कापून उरलेली रक्कम मिळते तीही तिच्याकडूनच.

पर्यटनात माहिती तंत्रज्ञानाने सोय झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्याच तंत्रज्ञानाने पैसा आणि ताकद कुणाच्या हातात नेली, हे फारसं कुणी सांगत नाही. या लेखात तेच समजून घेऊया.

थोडक्यात महत्त्वाचे मुद्दे

- प्रवासी आणि ठिकाण यांच्यामधला पडदा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात बाजार असतो.
- ही गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकातल्या विमान आरक्षणापासून सुरू झाली.
- भारतात रेल्वेने आपली आरक्षणाची खिडकी स्वतःच्या ताब्यात ठेवली. हॉटेल व्यवसायाची खिडकी मात्र मोठ्या प्रमाणात ॲप कंपन्यांकडे गेली.
- छोट्या व्यावसायिकाने ॲप वापरावं, पण ग्राहकाशी असलेलं नातं ॲपच्या स्वाधीन करू नये.

'धोरणात्मक वापर' म्हणजे नेमकं काय?

हॉटेलच्या काउंटरवर संगणक ठेवून बिलं छापली, तर तो तंत्रज्ञानाचा रोजचा वापर झाला. त्याने वेळ वाचतो, चुका कमी होतात. पण शेजारच्या हॉटेलनेही उद्या तसाच संगणक घेतला की तुमचा फायदा संपतो.

धोरणात्मक वापर वेगळा असतो. त्यात तंत्रज्ञानामुळे धंद्यातली तुमची जागाच बदलते. ग्राहक तुमच्याकडे पहिल्यांदा येतो, प्रतिस्पर्ध्याला तुमची नक्कल करणं अवघड जातं, किंवा बाकीच्यांना तुमच्या दारातूनच जावं लागतं.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी व्हिक्टर मिलर यांच्यासोबत १९८५ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. माहिती तंत्रज्ञान तीन गोष्टी करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते उद्योगाची रचना बदलतं, स्पर्धेत आघाडी मिळवण्याचे नवे मार्ग देतं आणि जुन्या धंद्याच्या पोटातून नवा धंदा जन्माला घालतं. पर्यटनात या तिन्ही गोष्टी घडल्या.

पर्यटनात माहितीला इतकं महत्त्व का?

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, आंबा घेताना वास घेतो. सहल अशी तपासून घेता येत नाही. पैसे आधी भरायचे आणि वस्तू नंतर बघायची, तीही शेकडो किलोमीटर दूर जाऊन. म्हणजे विकत घेताना ग्राहकाच्या हातात फक्त माहिती असते: फोटो, भाव, अंतर, दुसऱ्यांचे अनुभव.

दुसरी अडचण म्हणजे हा माल साठवता येत नाही. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. विमानातली रिकामी खुर्ची विमान उडालं की कायमची वाया जाते.

तिसरी गोष्ट, एका सहलीत रेल्वे, हॉटेल, रिक्षा, गाईड, खानावळ असे अनेक जण गुंतलेले असतात. त्यांना जोडणारा धागा माहितीचाच असतो. म्हणूनच संगणकाचा व्यापारी उपयोग ज्या उद्योगांनी सर्वात आधी ओळखला, त्यांत विमान कंपन्या होत्या.

विमानात झालेली ओळख आणि 'सेबर'चा जन्म

१९५३ सालची गोष्ट. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले होते. एक होते अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्री प्रतिनिधी आर. ब्लेअर स्मिथ. आडनावावरून गप्पा सुरू झाल्या आणि आरक्षणाच्या डोकेदुखीवर आल्या.

तेव्हा आरक्षण कार्डांवर चालायचं. फिरत्या फायलीभोवती कर्मचारी बसायचे, हाताने कार्ड शोधायचे, खूण करायचे. एका आरक्षणाची सगळी प्रक्रिया पूर्ण व्हायला सरासरी दीड तास लागायचा. जेट विमानं येऊ घातली होती, प्रवासी वाढणार होते आणि फायलीभोवती आणखी माणसं बसवायला जागा नव्हती.

अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी संगणकांचं जाळं उभारण्याचा अनुभव आयबीएमकडे होता. त्याच धर्तीवर विमान आरक्षणाची यंत्रणा तयार झाली. नाव पडलं 'सेबर'. १९६० मध्ये पहिली यंत्रणा बसली आणि १९६४ पर्यंत ती देशभर चालू झाली. दीड तासाचं काम काही सेकंदांवर आलं.

इथपर्यंत ही फक्त कार्यक्षमतेची गोष्ट होती. १९७६ पासून अमेरिकन एअरलाइन्सने सेबरचे पडदे ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर बसवायला सुरुवात केली आणि खरा खेळ तिथून सुरू झाला. युनायटेड एअरलाइन्सनेही आपली 'अपोलो' यंत्रणा एजंटांना दिली. आता इतर विमान कंपन्यांची तिकिटंही प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रणेवरून विकली जाऊ लागली.

पडद्यावरची पहिली ओळ

एजंट पडद्यावर 'न्यूयॉर्क ते शिकागो' शोधायचा. समोर उड्डाणांची यादी यायची. ग्राहक फोनवर थांबलेला असायचा, त्यामुळे एजंट सहसा पहिल्या पडद्यापलीकडे जायचा नाही. मग यादीत वर कुणाचं उड्डाण दिसणार? अर्थातच यंत्रणेच्या मालकाचं.

याला 'स्क्रीन बायस', म्हणजे पडद्याचा पक्षपात म्हटलं गेलं. दुसऱ्या कंपनीचं विमान स्वस्त किंवा सोयीचं असलं तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ढकललं जायचं. छोट्या कंपन्यांनी तक्रारी केल्या. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने असा पक्षपात रोखणारे नियम केले. युरोपात १९८७ मध्ये एअर फ्रान्स, लुफ्तान्सा, आयबेरिया आणि एसएएस यांनी मिळून 'अमाडेयस' ही स्वतःची यंत्रणा उभारली, आणि १९८९ मध्ये तिथेही आरक्षण यंत्रणांसाठी आचारसंहिता आली.

आज आपण ॲपवर हॉटेल शोधतो तेव्हा वर 'रेकमेंडेड' किंवा 'स्पॉन्सर्ड' असं काहीतरी दिसतं. तो प्रश्न तोच आहे, फक्त पडदा एजंटाच्या टेबलावरून आपल्या खिशात आला.

शेजारच्या सीटवरच्या माणसाचं तिकीट स्वस्त का?

आरक्षणाच्या यंत्रणेतून आणखी एक मौल्यवान गोष्ट मिळाली, ती म्हणजे मागणीची आकडेवारी. कोणत्या मार्गावर, कोणत्या वारी, किती दिवस आधी, किती लोक तिकीट काढतात हे कळू लागलं. त्यावरून एकाच विमानातल्या सीटना वेगवेगळे दर लावण्याची पद्धत आली. तिला 'यिल्ड मॅनेजमेंट' म्हणतात. सहा महिने आधी ठरवणाऱ्या पर्यटकाला काही सीट स्वस्तात द्यायच्या. परवाच्या बैठकीसाठी धावणाऱ्या व्यावसायिकासाठी काही सीट राखून ठेवायच्या आणि महाग विकायच्या.

याचा तडाखा 'पीपल एक्स्प्रेस' या कंपनीला बसला. ही स्वस्त विमान कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली आणि कमी भाड्यामुळे झपाट्याने वाढली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तिच्या तोडीचं स्वस्त भाडं जाहीर केलं, पण ते फक्त मोजक्या सीटना आणि आगाऊ आरक्षणाच्या अटीवर. बाकीच्या सीट जुन्याच भावाने विकल्या जात राहिल्या. पीपल एक्स्प्रेसकडे असा हिशोब करणारी यंत्रणा नव्हती. १९८६ मध्ये कंपनी विकावी लागली आणि १९८७ मध्ये तिचं नावही पुसलं गेलं.

आपल्याकडे रेल्वेने सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना 'फ्लेक्सी फेअर' लावलं, ते याच विचाराचं साधं रूप. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढतं आणि ठरलेल्या मर्यादेला थांबतं. सणासुदीला विमानाचे आणि हॉटेलचे दर तासातासाला बदलतात, त्यामागेही हेच गणित असतं.

भारतीय रेल्वे: खिडकी स्वतःच्या ताब्यात

जुन्या पिढीला विचारा. आरक्षणासाठी पहाटेपासून रांग, मोठमोठ्या वह्या, आणि परतीचं तिकीट त्या गावाहूनच काढण्याची कटकट. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. १९८६ मध्ये रेल्वेने 'क्रिस' ही स्वतःची माहिती तंत्रज्ञान संस्था स्थापन केली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली गेली आणि देशातल्या कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं.

१९९९ मध्ये आयआरसीटीसी ही कंपनी स्थापन झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू झाली. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं! आज आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून जास्त तिकिटं ऑनलाइन काढली जातात.

धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की रेल्वेची तिकिटं अनेक खासगी ॲपवर मिळत असली, तरी ती सगळी ॲप आयआरसीटीसीच्याच दारातून जातात. जागा किती, भाडं किती, प्रवासी कोण, ही माहिती सरकारी यंत्रणेकडेच राहते.

या खिडकीची किंमत किती, हे दोन प्रसंगांतून कळतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑनलाइन तिकिटावरच्या सुविधा शुल्कातला निम्मा वाटा रेल्वे घेणार, असं जाहीर झालं. आयआरसीटीसीचा शेअर इतका कोसळला, की दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. तिकिटामागे १५-३० रुपये हे शुल्क, पण कंपनीचं मूल्य त्यावर किती उभं आहे, हे बाजाराने दाखवून दिलं.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२२ चा. प्रवाशांच्या माहितीतून सुमारे १,००० कोटी रुपये कसे कमावता येतील, हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी आयआरसीटीसीने निविदा काढली. गोपनीयतेवरून टीका झाली, संसदीय समितीने विचारणा केली आणि निविदा रद्द झाली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर वर्षभराने, २०२३ मध्ये संमत झाला.

ओटीए: जुने एजंट गेले, नवे आले

इंटरनेट आल्यावर अनेकांना वाटलं, आता मध्यस्थ संपले. ग्राहक थेट हॉटेलशी बोलेल. झालं उलटं.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्स्पीडिया' सुरू केली. त्याच वर्षी सेबरने 'ट्रॅव्हलॉसिटी' आणली आणि नेदरलँड्समध्ये 'बुकिंग डॉट कॉम'ची सुरुवात झाली. भारतात 'मेकमायट्रिप' २००० मध्ये सुरू झाली, सुरुवातीला परदेशस्थ भारतीयांसाठी. भारतातल्या प्रवाशांसाठी ती २००५ मध्ये उतरली. २०१७ मध्ये 'गोआयबिबो' तिच्यात सामील झाली. अशा कंपन्यांना ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी किंवा 'ओटीए' म्हणतात.

दरम्यान जुने दिग्गज मागे पडले. १८४१ मध्ये लेस्टर ते लफबरो अशी रेल्वे सहल काढून थॉमस कुक यांनी ज्या परंपरेची सुरुवात केली, ती ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. डोक्यावरचं प्रचंड कर्ज हे मोठं कारण होतं. पण लोक घरबसल्या बुकिंग करू लागले असताना शेकडो दुकानांचा पसारा सांभाळणंही तिला जड गेलं. भारतातली थॉमस कुक ही तोवर वेगळ्या मालकीची कंपनी झाली होती, त्यामुळे ती या पडझडीतून बाहेर राहिली.

ओटीए हॉटेलवाल्याला काय देते? देशभरातले ग्राहक, पैसे भरण्याची सोय, अनोळखी ग्राहकाला वाटणारा भरवसा. त्याबदल्यात कमिशन घेते, साधारण १५ ते २५ टक्के, काही वेळा त्याहूनही जास्त. समजा, खोलीचं भाडं २,५०० रुपये आणि कमिशन २० टक्के. एका रात्रीमागे ५०० रुपये गेले. हंगामात अशा १०० रात्री विकल्या, तर ५०,००० रुपये. घराला लागून तीन खोल्या बांधलेल्या कुटुंबासाठी ही रक्कम छोटी नाही.

खरा प्रश्न कमिशनच्याही पुढचा आहे. ग्राहकाचा फोन नंबर, त्याची आवड, पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार का, ही माहिती कुणाकडे राहते? ती ॲपकडे राहिली, तर पुढच्या वर्षीही ग्राहक ॲपवरूनच येणार आणि कमिशन पुन्हा कापलं जाणार.

स्पर्धा आयोगाने काय म्हटलं?

हा वाद भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला. हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेची तक्रार होती, की मेकमायट्रिप-गोआयबिबो आपल्या करारात एक अट घालते: आमच्या ॲपवरच्या दरापेक्षा कमी दर तुम्ही दुसरीकडे, किंवा स्वतःच्या वेबसाइटवरही, द्यायचा नाही. याला 'प्राइस पॅरिटी' म्हणतात. शिवाय ओयोशी झालेल्या करारानंतर फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो या साखळ्यांना यादीतून काढल्याचाही मुद्दा होता.

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि अशा अटी करारातून काढायला सांगितलं. कंपन्यांनी या आदेशाला अपिलात आव्हान दिलं.

१९८४ च्या अमेरिकेतला आणि २०२२ च्या भारतातला प्रश्न शेजारी ठेवून बघा. कोण दिसणार, कुठल्या क्रमाने आणि काय भावाने, हे ठरवण्याचा अधिकार पडद्याच्या मालकाला किती असावा? दोन्हीकडे वाद हाच आहे.

मग छोट्या व्यावसायिकाने काय करावं?

ॲपवर बहिष्कार घालणं प्रत्येकाला परवडत नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने अनेक वर्षं आपली तिकिटं ओटीएवर विकायला दिली नाहीत, पण तिचं नाव घरोघरी पोहोचलेलं होतं. गुहागर किंवा भंडारदऱ्याच्या होमस्टेची तशी स्थिती नसते. त्यामुळे ॲपवर अवश्य राहावं, पण पुढील गोष्टी स्वतःच्या हातात ठेवाव्यात.

- नकाशावरची जागा: गूगल मॅप्सवर व्यवसायाची नोंद मोफत होते. ती स्वतःच्या नावे, स्वतःच्या फोन नंबरसह करावी. फोटो स्वतः काढलेले आणि खरे असावेत.
- थेट संवाद: व्हॉट्सॲप बिझनेसवर खोल्यांचे फोटो, दर, रस्त्याची माहिती, जेवणाचे पदार्थ तयार ठेवता येतात. चौकशीला पटकन उत्तर गेलं तर ग्राहक टिकतो.
- थेट पैसे: यूपीआयमुळे आगाऊ रक्कम घेणं सोपं झालं. रक्कम मिळाल्याची लेखी पोच आणि रद्द केल्यास किती परत मिळतील, हे आधीच सांगावं.
- एकच कॅलेंडर: फोनवरची, ॲपवरची आणि ओळखीतली बुकिंग एकाच ठिकाणी लिहावी. एका खोलीत दोन कुटुंबं आली, तर त्याचा वाईट रिव्ह्यू वर्षानुवर्षं दिसत राहतो.
- दुसरी भेट: पहिला ग्राहक ॲपने दिला, हे कमिशन जाहिरातीचा खर्च समजावं. तो समाधानाने परतताना त्याच्या संमतीने नंबर घ्यावा. करारातल्या अटी वाचूनच थेट दर द्यावा.

एकट्याने जे जमत नाही, ते गावाने मिळून करता येतं. ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांताने १९९० च्या दशकातच गावोगावच्या लहान निवासांची माहिती आणि आरक्षण एकत्र आणणारी प्रादेशिक यंत्रणा उभारली. 'टिस्कव्हर' या नावाने ती ओळखली गेली. आपल्याकडे एमटीडीसीच्या 'न्याहारी व निवास' योजनेतल्या घरांना किंवा कृषी पर्यटन केंद्रांना तालुका पातळीवर असं काही करता येईल. एका खोलीवाल्याचं कुणी ऐकत नाही, पण दोनशे खोल्या एकत्र आल्या तर कमिशनचा दर ठरवताना त्यांना बोलता येतं.

काम बाहेर देताना नियंत्रण सोडून चालत नाही, हा धडा ताडोब्यानेही दिला. व्याघ्र सफारीच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या खासगी एजन्सीच्या चालकांवर २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. पैसा आणि नोंदी दोन्ही तिसऱ्याच्या हातून जात असतील, तर हिशोब वेळच्या वेळी तपासावा लागतो, मग ते सरकारी खातं असो वा तीन खोल्यांचं होमस्टे.

गर्दी आणायची की आवरायची?

आतापर्यंत आपण ग्राहक मिळवण्याबद्दल बोललो. काही ठिकाणांचा प्रश्न उलटा आहे. एक रील गाजते आणि पुढच्या शनिवारी धबधब्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा वेळी तंत्रज्ञान दार उघडण्याऐवजी दार सांभाळण्यासाठी वापरावं लागतं.

साताऱ्याजवळचं कास पठार हे आपलं उदाहरण. फुलं पायाखाली तुडवली जाऊ लागली, तेव्हा हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना ई-पास लागू झाला. व्हेनिसने एप्रिल २०२४ मध्ये ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो शुल्क आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली.

अशा नोंदणीचा दुहेरी उपयोग असतो. गर्दी विभागली जाते आणि किती लोक येतात याचा आकडा हाती येतो. स्वच्छतागृहं किती हवीत, पार्किंग कुठे करावं, पाणी किती लागेल, हे अंदाजावर न सोडता ठरवता येतं. मात्र स्मार्टफोन नसलेल्या माणसासाठी आणि ऐनवेळी आलेल्या गावकऱ्यासाठी एक साधी खिडकी उघडी ठेवावीच लागते.

रिव्ह्यू, बनवाबनवी आणि एआय

२०१७ मध्ये लंडनमध्ये एका पत्रकाराने घरामागच्या शेडचं नाव रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवलं. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहवून घेतले. काही महिन्यांत अस्तित्वातच नसलेलं हे ठिकाण लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट ठरलं! माहिती हाच माल असेल, तर भेसळही माहितीतच होणार.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ 'डार्क पॅटर्न'ना मनाई केली. 'फक्त १ खोली शिल्लक' असं खोटं सांगून घाई करायला लावणं, शेवटच्या पानावर नवे आकार जोडणं, न विचारता विमा कार्टमध्ये टाकणं, हे त्यातलेच प्रकार.

आता एआय चॅटबॉट सहलीचा आराखडा बनवून देतात. ते सोयीचं आहे, पण चुकलं तर जबाबदार कोण? कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सवलतीची चुकीची माहिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. यंत्र बोललं तरी शब्द कंपनीचाच धरला जातो, हा त्याचा अर्थ.

प्रवासी म्हणून तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- ॲपवर हॉटेल आवडलं तर एकदा थेट फोन करून दर विचारा. मात्र नंबर खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. प्रसिद्ध रिसॉर्टच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून आगाऊ रक्कम उकळली जाते.
- फक्त पाच तारे बघू नका. तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा, बऱ्याचदा खरी माहिती तिथे असते.
- वरचा पर्याय 'स्पॉन्सर्ड' आहे का ते पाहा आणि यादी दरानुसार किंवा अंतरानुसार लावून बघा.
- फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.
- जागा आवडली तर प्रामाणिक रिव्ह्यू लिहा. छोट्या व्यावसायिकासाठी ती सर्वात स्वस्त आणि खरी जाहिरात असते.

शेवटी

सत्तर वर्षांपूर्वी विमानात शेजारी बसलेल्या दोन स्मिथांना आरक्षणाचा वेळ वाचवायचा होता. त्यांच्या यंत्रणेने वेळ वाचवलाच, शिवाय बाजारावर ताबा कसा मिळवायचा हेही जगाला दाखवलं. रेल्वेने ते ओळखून आपली खिडकी राखली. कोकणातल्या, सह्याद्रीतल्या, विदर्भातल्या हजारो छोट्या व्यावसायिकांसमोर आज तोच प्रश्न आहे.

यंदा तारकर्लीला गेलात, जागा आवडली, तर निघताना मालकाचा नंबर सेव्ह करून ठेवा. पुढच्या दिवाळीला थेट त्यांनाच फोन लावता येईल.